बदलू इच्छिणाऱ्या अत्याचारी जोडीदाराला कुठे पाठवायचे? दांपत्य-समुपदेशकांना खुले पत्र

प्रति,
दांपत्य व कुटुंब समुपदेशन करणारे सर्व समुपदेशक, त्यांच्या संघटना आणि समुपदेशन केंद्रांचे संचालक यांस,

स. न. वि. वि.

माझ्या मोठ्या भावाने नऊ वर्षे आपल्या पत्नीला मारहाण केली. हे वाक्य इतक्या सरळ शब्दांत लिहायला मला आणि त्यालाही पुष्कळ काळ लागला. तो का लागला, ते पुढे सांगणारच आहे. एका रात्री दादाने स्वतःहून मला फोन केला आणि म्हणाला, "हे थांबवायला मला कोणाची तरी मदत हवी आहे, कुठे जायचे ते शोधून दे." त्यानंतरच्या सव्वा वर्षात आम्ही तीन ठिकाणी गेलो. पहिल्या दोन ठिकाणी जे घडले त्याने वहिनीचा धोका वाढला, आणि तिसरे ठिकाण सापडेपर्यंत ती घर सोडून गेली होती. त्या पहिल्या दोन ठिकाणची माणसे वाईट नव्हती, अशिक्षितही नव्हती. त्यांनी आपुलकीने ऐकून घेतले, वेळ दिला आणि आपल्या प्रशिक्षणात जे शिकवले गेले तेच केले. म्हणूनच मी कोणा एकाविरुद्ध तक्रार करण्याऐवजी तुम्हा सर्वांना हे पत्र लिहीत आहे. दादा आणि वहिनी यांनी ते लिहायला वेगवेगळी संमती दिली आहे.

पहिले ठिकाण दांपत्य-समुपदेशनाचे होते. दादाला मदत हवी होती म्हणून मी "नवरा-बायकोचे समुपदेशन" शोधले, कारण मला तेवढाच शब्द माहीत होता. तिसऱ्या बैठकीत समुपदेशक बाईंनी वहिनीला मोकळेपणाने बोलायला सांगितले. ती बोलली. दादा तिचा फोन तपासतो, माहेरच्यांशी झालेल्या प्रत्येक बोलण्याचा हिशेब मागतो आणि एका रात्री त्याने तिचा गळा आवळला होता, हे तिने पहिल्यांदाच एका परक्या माणसासमोर सांगितले. दादाच्या डोळ्यांत पाणी आले. बाईंनी त्याला सावरू दिले आणि मग वहिनीकडे वळून विचारले, "अशा वेळी तुमच्याकडून काय वेगळे होऊ शकले असते?"

दोघांचाही वाटा तपासायचा, कोणाचीच बाजू घ्यायची नाही, ही तुमच्या व्यवसायातील शिस्त आहे आणि बरोबरीच्या दोन माणसांमध्ये ती योग्यच आहे, हे मी जाणते. पण त्या एका प्रश्नाने दादाच्या मनातील सर्वांत जुन्या समजुतीवर शिक्का बसला. पुढे कित्येक आठवडे तो म्हणत राहिला, "मॅडमनी पण तुलाच विचारलं ना?" आणि गळ्याची गोष्ट बाहेर सांगितल्याची किंमत वहिनीने त्याच रात्री मोजली. चौथ्या बैठकीत ती काहीच बोलली नाही. दोघांमध्ये आता सुसंवाद होऊ लागला आहे, असा त्या शांततेचा अर्थ लावला गेला.

येथे जरा थांबून एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती तुमच्यापैकी पुष्कळांच्या प्रशिक्षणात नसावी अशी मला भीती आहे. जोडीदाराने गळा आवळणे हा मारहाणीचा आणखी एक प्रकार आहे असे समजू नका. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने पूर्वी कधी आवळला होता, तिचा पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट होती. बैठकीत हे वाक्य कानावर पडताच संयुक्त समुपदेशन थांबवायला हवे होते, वहिनीला एकटीला भेटायला हवे होते आणि आज घरी जाणे सुरक्षित आहे का, एवढेच विचारायला हवे होते.

दोघांना समोरासमोर बसवताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरता. ती अशी, की दोघेही खरे बोलू शकतात आणि खरे बोलून सुखरूप घरी जाऊ शकतात. जिथे एकाला दुसऱ्याची भीती आहे तिथे हे गृहीतच उरत नाही. कायदे करणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. स्त्रियांवरील हिंसा आणि कौटुंबिक हिंसा यांबाबतचा युरोपीय परिषदेचा २०११ चा इस्तंबूल करार अशा प्रकरणांत मध्यस्थी किंवा समेट सक्तीचा करण्यास मनाई करतो. कॅलिफोर्नियात कौटुंबिक हिंसेसाठी दोषी ठरून परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सुटलेल्या व्यक्तीला किमान ५२ आठवड्यांचा कार्यक्रम पूर्ण करावा लागतो आणि त्यात दांपत्य-समुपदेशनाला जागा दिलेली नाही.

दुसरे ठिकाण राग आवरायला शिकवण्याचे. सहा सत्रे, दीर्घ श्वास, आकडे मोजणे, राग आला की नोंद करायची वही आणि शेवटी प्रमाणपत्र. या पद्धतीने कोणाचाच फायदा होत नाही, असे मी म्हणणार नाही. ज्याचा राग सगळीकडे सारखाच उसळतो, त्याला ती उपयोगी पडत असेल. पण आमचे वडील अंथरुणाला खिळलेले असताना रात्रीतून दहा वेळा हाका मारत, आणि त्या दोन वर्षांत दादाचा आवाज एकदाही चढला नव्हता. सोसायटीतली भांडणे मिटवायला लोक त्याला बोलवून नेत. त्याच्याकडे ताबा नव्हता असे नाही. कोणासमोर ताबा ठेवायचा आणि कोणासमोर ठेवला नाही तरी चालते, हे त्याच्या मनात पक्के होते. त्याच्या मते वहिनीने त्याचे ऐकणे हा त्याचा हक्क होता, आणि तो हक्क डावलला गेला असे वाटले की तो मारून वसूल करायचा. या हक्काच्या भावनेला त्या सहा सत्रांत कोणी हातही लावला नाही.

मग काय झाले, तर दादा हळू आवाजात धमकी द्यायला शिकला. वहिनीचे त्या वेळचे बोलणे मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, "आधी आवाजावरून मला कळायचं की आता काय होणार, मी मुलांना घेऊन आतल्या खोलीत तरी जायचे. आता तेही कळत नाही." त्याच काळात ते प्रमाणपत्र दादाने तिच्या आईवडिलांना दाखवले आणि "बघ, सुधारतोय तो" असे म्हणून त्यांनीच तिला, माहेरी आलेली असताना, परत पाठवले. हे आमच्याच घरी घडले असे नाही. आश्रयगृहात राहणाऱ्या स्त्रियांवरील १९८८ सालच्या अमेरिकी अभ्यासात दिसले, की नवरा समुपदेशनाला जाऊ लागला आहे ही बातमी त्यांच्या परतण्याच्या निर्णयात फार मोठा वाटा उचलत होती. तुमच्या केंद्राचे नाव छापलेल्या कागदावर विसंबून एक स्त्री आपला जीव तोलते. हजेरीचा कागद लिहिताना, तो केवळ हजेरीचा आहे, वागणुकीत बदल झाल्याचा नाही, हे त्याच कागदावर स्पष्ट लिहिणे तुमच्या हातात आहे. कृपया तेवढे आजपासून करा.

तिसरे ठिकाण मला एका महिला-आधार केंद्रातील कार्यकर्तीने सांगितले. वहिनी तिथे मदत घेत होती, आणि अत्याचार करणाऱ्यांसाठीचे वेगळे कार्यक्रम असतात हे मला तिथे पहिल्यांदा समजले. असे कार्यक्रम काही कालपरवाचे नाहीत. बोस्टनमधील 'इमर्ज' १९७७ मध्ये सुरू झाला, आणि तोही स्त्रियांच्या आश्रयगृहांत काम करणाऱ्यांनी "पुरुषांशी कोणीतरी बोलायला हवे" असे म्हटल्यावर. मिनेसोटातील डुलुथ शहरात १९८१ मध्ये पोलीस, न्यायालये, आश्रयगृह आणि पुरुषांचे गट यांना एकत्र बांधणारी पद्धत उभी राहिली. मार खाल्लेल्या स्त्रियांनी सांगितलेल्या अनुभवांतून तिथे सत्ता आणि नियंत्रण यांचे चक्र, म्हणजे अत्याचारी जोडीदार कोणकोणत्या मार्गांनी ताबा ठेवतो हे दाखवणारी आकृती, आखले गेले, आणि ते आजही जगभर वापरले जाते. नॉर्वेतील ओस्लोत १९८७ पासून असे केंद्र आहे. ब्रिटनमध्ये 'रिस्पेक्ट' ही संस्था आपल्या वागण्याची काळजी वाटणाऱ्यांसाठी हेल्पलाइन चालवते आणि अशा कार्यक्रमांची मानके ठरवते. ऑस्ट्रेलियातही पुरुषांसाठी अशी फोनसेवा आहे. इस्तंबूल कराराच्या सोळाव्या कलमाने तर असे कार्यक्रम उभारणे सदस्य देशांवर बंधनकारक केले आहे, आणि त्यांत पीडितांची सुरक्षितता हीच पहिली चिंता असली पाहिजे व पीडितांच्या आधारसेवांशी जवळचा समन्वय असला पाहिजे, अशी अट घातली आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ जे अस्तित्वात आहे ते शोधायला माझ्यासारख्या शिकल्यासवरलेल्या बाईला सव्वा वर्ष लागले, आणि वाटेत भेटलेल्या दोन व्यावसायिकांपैकी एकानेही त्याचा उल्लेख केला नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

तिथे काय वेगळे होते? आधी दादाची एकट्याची दीर्घ मुलाखत झाली. तेव्हाच त्याच्याकडून लेखी संमती घेतली गेली, की कार्यक्रमातील एक स्वतंत्र कार्यकर्ती वहिनीशी, तिची इच्छा असेल तर, संपर्क ठेवेल. ती वहिनीला कार्यक्रमातून काय अपेक्षा ठेवता येते आणि काय नाही हे सांगेल, तो गैरहजर राहिला किंवा त्याच्याकडून धोका दिसला तर तिला कळवेल, आणि वहिनीने सांगितलेले मात्र तिच्या परवानगीशिवाय दादापर्यंत जाणार नाही. दुसरीकडे दादाचा शब्द गुप्त राहील, पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर राहणार नाही, हेही आधीच सांगितले गेले. दारूचे व्यसन असणाऱ्यांना त्यावरचे उपचार वेगळे घ्यावे लागत, पण त्यामुळे गटातून सुटका होत नसे. आठवड्यातून एकदा गट बसे. तो एक स्त्री आणि एक पुरुष असे दोघे मिळून चालवत.

गटात करून घेतलेला एक सराव दादाने मला नंतर सांगितला, आणि मराठी बोलणाऱ्या प्रत्येक समुपदेशकाने तो समजून घ्यावा असे मला वाटते. प्रत्येकाने आपल्या हातून घडलेला एक प्रसंग क्रमाने सांगायचा. दादाने सुरुवात केली, "त्या दिवशी शब्दाला शब्द वाढला, माझा तोल सुटला आणि हात उचलला गेला." चालकांनी विचारले, "हात कोणी उचलला?" तो म्हणाला, "माझ्याकडून उचलला गेला." पुन्हा तोच प्रश्न. आपल्या भाषेत कर्त्याला लपायला किती जागा आहेत, हे त्या खोलीत त्याला कळले. तोल जातो, हात लागतो, भांडण होते, रागाच्या भरात घडून जाते, आणि या सगळ्या क्रियापदांत मारणारा माणूस कुठेच सापडत नाही. "मी तिच्या तोंडात मारले. ती दाराकडे गेली तेव्हा मी दार अडवले. मुलगा पाहत होता," एवढी तीन वाक्ये सरळ बोलायला त्याला पाच आठवडे लागले. ती बोलून झाल्यावर त्याला पुढचा प्रश्न विचारला गेला, की दार अडवण्याआधी तू काय ठरवले होतेस? कारण दार अडवायला चार पावले चालावे लागते, आणि चार पावले चालणारा माणूस काहीतरी ठरवून चाललेला असतो. माझ्या मते दादाच्या बदलाची सुरुवात त्या प्रश्नापाशी झाली. या पत्राचे पहिले वाक्यही त्यानेच मला तसे लिहायला सांगितले. मी "नऊ वर्षे त्यांच्यात मारहाण होत होती" असे लिहिले होते.

या कार्यक्रमांकडून अवास्तव अपेक्षा ठेवायला मी सांगत नाही. २००४ साली २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा केवळ अटकेच्या तुलनेत या कार्यक्रमांचा अधिकचा परिणाम लहानच निघाला. मधेच सोडून जाणारेही पुष्कळ असतात. उलट ब्रिटनमधील २०१५ च्या 'मिराबल' या संशोधन प्रकल्पात स्त्रियांनाच विचारले गेले, तेव्हा थोबाडीत मारणे, ढकलणे किंवा वस्तू फेकून मारणे हे प्रकार कार्यक्रमापूर्वी ८७ टक्के स्त्रियांनी सांगितले होते, आणि वर्षभरानंतर ७ टक्क्यांनी. मात्र अर्थात शेवटपर्यंत ज्यांच्याशी बोलता आले अशा स्त्रियांचेच हे आकडे आहेत, आणि पाळत ठेवणे, पैसे अडवणे, बोलण्यावर बंधने घालणे हे सारे तितके कमी झाले नव्हते. मला या दोन्ही निष्कर्षांतून एकच गोष्ट दिसते. हात थांबवणे तुलनेने लवकर जमते, पण हक्क सोडणे फार हळू जमते. म्हणून सहा सत्रांचा कार्यक्रम या कामाला पुरणार नाही, आणि बदल झाला की नाही हे ज्याने मारले त्याला विचारून कळणार नाही. ती आता त्याला "नाही" म्हणू शकते का, आणि म्हटल्यानंतर रात्री शांत झोपते का, हे तिलाच, एकटीला, विचारावे लागेल.

तरीही जो "मला बदलायचे आहे" असे म्हणत येतो त्याला परत पाठवू नका. त्याचा हेतू शुद्ध नसेल, बहुतेक वेळा नसतोच. दादाने मला फोन केला त्या रात्री वहिनी बॅग भरत होती, आणि ती गेली तर लोक काय म्हणतील याचीच त्याला जास्त भीती होती, हे आज तो स्वतः सांगतो. पण अशा अर्ध्याकच्च्या इच्छेवरच काम सुरू होते, आणि ती इच्छा फार टिकत नाही. एखादी घटना घडल्यानंतरचे काही दिवस ती असते, मग फुले आणली जातात, माफी मागितली जाते, घर पूर्ववत होते आणि मदतीची गरजच काय असे वाटू लागते. त्या काही दिवसांत त्याला "चार महिन्यांनी जागा होईल" असे सांगणे म्हणजे दार बंद करणे होय. निदान पहिली मुलाखत आठवड्याच्या आत व्हावी आणि गटात जागा मिळेपर्यंत कोणीतरी त्याला फोन करत राहावे, एवढी व्यवस्था करता येईल. मात्र त्याच्या अश्रूंना बदलाचा पुरावा मानू नका. आणि त्याच्या निश्चयाची बातमी तिला देताना आशेपेक्षा जास्त माहिती द्या.

तुमच्याकडे माझे मागणे आता नेमके सांगते. कोणतेही जोडपे आले की पहिल्या भेटीत दोघांशी वेगवेगळे बोला आणि प्रत्येकाला भीतीबद्दल सरळ विचारा, कारण दोघे शेजारी बसलेले असताना या प्रश्नाचे खरे उत्तर मिळत नाही. भीती आहे असे दिसले तर संयुक्त बैठका घेऊ नका, पण त्या का थांबवल्या याचे कारण त्याच्यासमोर तिच्या बोलण्यावर ढकलू नका, "आमची पद्धत अशी आहे" एवढेच म्हणा. अत्याचार करणाऱ्यांसाठी कोणते कार्यक्रम चालतात याची यादी तुमच्या संघटनेने करावी, आणि यादीत नाव घालण्याआधी त्यांना फोन करून विचारावे: जोडीदाराशी स्वतंत्र संपर्क ठेवता का, किती आठवडे चालवता, पीडितांना आधार देणाऱ्या संस्थेशी तुमचे नाते काय, धोका वाढला तर तुम्ही कोणाला कळवता? ज्यांच्याकडे या प्रश्नांची उत्तरे नाहीत, त्यांच्याकडे कोणालाही पाठवू नका. आणि जवळपास असा कार्यक्रमच नसेल तर नसल्याचे स्पष्ट सांगा. त्याऐवजी दुसरे काहीतरी देऊन वेळ मारून नेऊ नका. अशा वेळी त्याला एकट्याला भेटायचे ठरवलेत, तर या कामाचा अनुभव असलेल्या कोणाची तरी देखरेख घ्या, आणि तिला तिच्या स्वतःच्या आधारसेवेपर्यंत आधी पोहोचवा. नवे कार्यक्रम उभारताना त्यांचा पैसा स्त्रियांच्या आश्रयगृहांच्या वाट्यातून काढला जाणार असेल, तर त्याला तुमच्या संघटनांनी विरोध करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मी पत्रभर नवरा आणि बायको असेच लिहिले आहे, कारण मला तेच घर ठाऊक आहे. अत्याचार करणारी स्त्रीही असू शकते, आणि एकाच लिंगाच्या जोडप्यांतही हे घडते. त्यांच्यासाठी जागा तर याहूनही कमी आहेत, आणि पुरुषांच्या गटासाठी आखलेला कार्यक्रम तसाच्या तसा त्यांना लागू पडत नाही. त्या कामाला वेगळे लक्ष द्यावे लागेल.

दादाचा कार्यक्रम पूर्ण होऊन दोन वर्षे झाली. तो अजून महिन्यातून एकदा जुन्या सदस्यांच्या गटाला जातो. वहिनी परत आलेली नाही आणि येणार नाही. मुलांच्या भेटी तिने ठरवलेल्या वेळी, तिने ठरवलेल्या ठिकाणी होतात, आणि दादाने त्याबद्दल एकदाही वाद घातलेला नाही. काही नातेवाईक मला म्हणतात, मग एवढे करून उपयोग काय झाला? ती एकटीने राहण्याचा निर्णय घेऊ शकली आणि त्या निर्णयाची शिक्षा तिला झाली नाही, हे मी त्यांना सांगते. जोडपी एकत्र राहिली की नाही यावर तुम्ही तुमच्या कामाचे यश मोजत असाल, तर आमचे घर तुमच्या नोंदवहीत अपयशाच्या रकान्यात जाईल. तो रकाना बदला.

हे पत्र पाठवण्यापूर्वी वहिनीला वाचायला दिले होते. तिने दोन शब्द दुरुस्त केले आणि एक गोष्ट घालायला सांगितली. चौथ्या बैठकीनंतर ती दांपत्य-समुपदेशनाला गेली नाही, तेव्हा केंद्रातून दादाला दोनदा फोन आला, की तुम्ही का येत नाही? तिला कोणीही फोन केला नाही. तिचा नंबर त्यांच्या अर्जावर होता.

आपली,
एक बहीण